रुग्णाचा नकार

आजाऱ्याच्या हिताचा विचार करणारीं माणसें बहुधा आजाऱ्याशीं बोलत नाहींत. तीं एकमेकांशीं बोलतात. खाटेपासून दोन पावलें दूर, दाराच्या आड, किंवा जिन्यांत उभें राहून डॉक्टर मुलाला सांगतो, मुलगा बहिणीला सांगतो, बहीण आपल्या यजमानांना सांगते, आणि मग सर्वजण खाटेजवळ येऊन हंसतमुखानें म्हणतात, "कांहीं नाहीं, एक लहानशी गोष्ट करावयाची आहे." येथपर्यंत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. वावगें वाटूं लागतें तें खाटेवरील मनुष्य "मला तें नको" असें म्हणतो तेव्हां. त्या क्षणापर्यंत जो घरांतला वडील व जाणता म्हणून समजला जात होता, तो एकाएकीं हट्टी, हेकट, वयोमानानें समज गेलेला असा ठरतो.

प्रस्तुत लेखांत ह्या "नको"चा विचार करावयाचा आहे. ज्याची समज शाबूत आहे, ज्याला आपला रोग, त्यावरील उपाय आणि उपाय न केल्यास होणारा परिणाम हीं तिन्ही ठाऊक आहेत, अशा मनुष्यानें हितकर म्हणून सुचविलेला उपचार नाकारला, तर भोंवतालच्या माणसांनीं काय करावें? त्याचा शब्द मानावा, कीं त्याचा शब्द मोडून त्याचा जीव राखावा?

प्रश्न अधांतरीं राहूं नये म्हणून एक उदाहरण कल्पूं. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे, मिठागरें, कोळीवाडे आणि शेतें यांच्यामधून मीरा-भाईंदर हें शहर वाढलें. १९८५ सालीं तेथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत वस्ती आठ लाखांच्या वर गेली. मुंबईंतल्या चाळींत ज्यांना दुसरी खोली परवडली नाहीं अशीं पुष्कळ मराठी कुटुंबें येथें येऊन स्थिरावलीं. अशाच एका कुटुंबांत ८२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आहेत असें समजूं. घरांत त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत आलीं असून डॉक्टरांनीं डायलिसिस सुचविलें आहे: आठवड्यांतून तीन वेळां, दर खेपेस सुमारें चार तास. मुलगा सकाळच्या लोकलनें चर्चगेटला जातो, सून नोकरी करते, मुलगी परदेशीं असते. अण्णांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हटलें, "तीन दिवस तेथें जाणार, उरलेल्यांपैकीं निम्मे त्या थकव्यांत जाणार. मग माझा असा दिवस कोणता? मला तें नको. आहे तें औषध चालूं द्या."

त्यांचें म्हणणें अगदींच अडाणीपणाचें आहे असें नव्हे. एवढ्या वयांत, हृदयविकारादि इतर व्याधि जोडीला असतां, डायलिसिसनें आयुष्य फारसें वाढतेंच असें नाहीं, हें ह्या रोगाचे तज्ज्ञहि मान्य करतात; औषधें व पथ्य यांवर भिस्त ठेवून रुग्णाचा त्रास कमी करण्याची रीतहि त्यांच्या शास्त्राला संमत आहे. परंतु हें सोडून देऊं. डायलिसिसनें अण्णांना चार वर्षें निश्चित मिळणार होतीं असेंच धरूं. युक्तिवाद कठीण बाजूनें केलेला बरा.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे, आणि माझ्या मतें साऱ्या प्रश्नाची मेख तेथेंच आहे. अण्णांनीं "बरें, करूं या" असें म्हटलें असतें, तर त्यांना रोग नीट समजला आहे काय, सुयांचा व पथ्याचा त्रास किती याची कल्पना आहे काय, आपण होकार कां देत आहोंत हें त्यांचें त्यांना सांगतां येतें काय, असे प्रश्न कोणीं विचारले असते? कोणींहि नाहीं. कागदावर सही घेतली असती आणि रिक्षा बोलाविली असती. होकार देणाऱ्याची समज आपण गृहीत धरतों. नकार देणाऱ्याला मात्र ती सिद्ध करून दाखवावी लागते. तोच मनुष्य, तेंच वय, तीच स्मरणशक्ति. फरक इतकाच कीं एका उत्तरानें आपली सोय होते व दुसऱ्यानें होत नाहीं. तेव्हां "त्यांना समजत नाहीं" असें आपण म्हणतों त्या वेळीं पुष्कळदां आपल्याला म्हणावयाचें असतें तें "ते ऐकत नाहींत" एवढेंच.

यावर असा आक्षेप येईल कीं, होकार चुकला तरी तो मागाहून सुधारतां येतो, नकार चुकला तर मनुष्य मरतो. म्हणून नकाराची तपासणी अधिक कसून व्हावी हेंच योग्य. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. परिणाम जितका गंभीर तितकें विचारणें सावकाश व पुनःपुन्हां झालें पाहिजे, हें मला मान्य आहे. (शस्त्रक्रियेचा होकारहि कित्येकदां परत घेतां येत नाहीं, हें मात्र आक्षेपक विसरतात.) परंतु तपास आणि तगादा ह्या दोन भिन्न वस्तु आहेत. तपास करणाऱ्याला उत्तर ठाऊक नसतें. तगादा लावणाऱ्याला तें आधींच ठरवून हवें असतें. सकाळीं मुलानें, दुपारीं सुनेनें, संध्याकाळीं शेजारच्या बिऱ्हाडांतल्या काकांनीं, रात्रीं परदेशांतून फोनवर मुलीनें रडून, असें आठ दिवस चालल्यावर म्हाताऱ्यानें "करा काय करायचें तें" असें म्हटलें, तर त्याला संमति म्हणावयाची कीं शरणागति? न्यायालयांत अशा रीतीनें मिळविलेला कबुलीजबाब कोणी ग्राह्य धरणार नाहीं. घरांत मात्र आपण त्यावर समाधान मानतों.

दुसरी गोष्ट अधिक घरगुती आहे. आपल्याकडे रोगाचें नांव रोग्यापासून लपविण्याची चाल आहे. "त्यांना सांगूं नका, खचून जातील" हें वाक्य ज्यानें ऐकलें नाहीं असा डॉक्टर महाराष्ट्रांत मिळणें कठीण. ह्या लपवालपवींत माया नसते असें मी म्हणणार नाहीं. पण तिचा परिणाम पाहा. आधीं आपणच रुग्णाला अंधारांत ठेवावयाचें, आणि मग त्यानें उपचार नाकारला कीं "त्यांना परिस्थितीची कल्पना नाहीं" असें म्हणून त्याचा शब्द रद्द करावयाचा! ज्या अज्ञानाचा आधार घेऊन आपण त्याचा हक्क काढून घेतों तें अज्ञान आपल्याच हातचें असतें. शिवाय आजारी माणसें आपण समजतों तितकीं भोळीं नसतात. कुजबुज थांबली कीं कां थांबली हें त्यांना कळतें. तीं गप्प राहतात तीं आपल्याला वाईट वाटूं नये म्हणून. आणि अशा प्रकारें एकाच खोलींत दोन्ही बाजू एकमेकांचें मन राखण्यासाठीं खोटें बोलत बसतात.

ह्या विषयांत मला नेहमीं कस्तुरबा गांधी यांची दक्षिण आफ्रिकेंतील हकीकत आठवते. गांधींनीं ती आत्मचरित्रांत सांगितली आहे. १९०९ च्या सुमारास डर्बन येथें कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली. प्रकृति इतकी क्षीण होती कीं गुंगीच्या औषधाशिवाय ती करावी लागली. त्यानंतर त्या फार अशक्त झाल्या, आणि डॉक्टरानें गोमांसाचा अर्क देणें अवश्य असें ठरविलें. गांधी तेव्हां जोहान्सबर्गला होते. त्यांनीं कळविलें कीं, तिला विचारण्यासारखी तिची स्थिति असेल तर तिला विचारा. तिला स्वतःचें ठरविण्याची मोकळीक आहे. डॉक्टर म्हणाला कीं, रुग्णाला असल्या गोष्टी विचारण्याची माझी रीत नाहीं. गांधी डर्बनला पोंचले तेव्हां त्यानें शांतपणें सांगितलें कीं तो अर्क आपण अगोदरच दिला आहे. आणि गांधींनीं ह्याला फसवणूक म्हणतांच, रुग्ण वांचविण्यासाठीं रुग्णाला वा आप्तांना फसविणें आम्ही डॉक्टर पुण्यकर्म समजतों, असें उत्तर दिलें.

हा डॉक्टर दुष्ट नव्हता. तो कुटुंबाचा स्नेही होता, आणि बाईंनीं जगावें हीच त्याची इच्छा होती. म्हणूनच हें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. वाईट माणसानें केलेली जबरदस्ती ओळखण्यास अक्कल लागत नाहीं. चांगल्या माणसानें, चांगल्या हेतूनें, पुण्य समजून केलेली जबरदस्ती ओळखण्यास लागते. पुढें डॉक्टरानें निर्वाणीचें सांगितलें: माझ्या घरीं राहावयाचें तर मी देईन तें घेतलें पाहिजे, नसेल तर तिला घेऊन जा, माझ्या छपराखालीं मी तिला मरूं देणार नाहीं. गांधींनीं पत्नीला विचारलें. तिच्या अंगांत बोलण्याचें त्राण नव्हतें. तरी तिनें निक्षून सांगितलें कीं हा अर्क आपण घेणार नाहीं, मरण आलें तरी चालेल. त्या रिमझिम पावसांत तिला फिनिक्सला नेण्यांत आलें, स्टेशनापासून आश्रमापर्यंत झोळींतून. एक स्वामी येऊन मांसाहारांत दोष नाहीं हें मनुस्मृतीच्या आधारें समजावूं लागले. कस्तुरबांनीं त्यांचीहि डाळ शिजूं दिली नाहीं. आणि त्या बऱ्या झाल्या. अर्थात् त्या बऱ्या झाल्या म्हणून त्यांचा नकार योग्य ठरतो असें नाहीं. फिनिक्सच्या वाटेवर त्यांनीं प्राण सोडला असता, तरीहि तो नकार तितकाच त्यांचा होता.

चिकित्सक वाचक येथें विचारील कीं, तो नकार खरोखर कस्तुरबांचा होता, कीं शेजारीं उभ्या असलेल्या नवऱ्याचा? हकीकत गांधींच्याच लेखणींतून आलेली आहे. नवऱ्याचें मत बायकोला ठाऊक होतें. शंका रास्त आहे, आणि हिंदु घरांत तर ती प्रत्येक वेळीं घेतली पाहिजे. पण त्याच आत्मचरित्रांत पुढें एक प्रसंग आहे. गांधींनीं प्रकृतीसाठीं मीठ व डाळी सोडण्याची गळ घातली, तेव्हां ह्याच कस्तुरबांनीं नवऱ्याला उलट सुनावलें कीं, तुम्हांला सांगितलें तर तुम्हीसुद्धां हें सोडणार नाहीं. जी बाई नवऱ्याला असें तोंडावर सांगूं शकते तिचा डॉक्टरापुढील नकार उसना होता असें मानण्यास मी तयार नाहीं.

ह्यापेक्षां बिकट शंका दुसरीच आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत म्हाताऱ्या माणसाचें "नको" बहुधा पैशाचें असतें. अण्णा थकव्याचें कारण सांगतात. पण आंतल्या खोलींत मुलगा हप्त्यांचा हिशेब बोलतांना त्यांनीं ऐकलेला असतो. नातीच्या शिक्षणाचा खर्च समोर असतो. आपल्यामुळें सुनेला रजा टाकाव्या लागतील हें त्यांना दिसतें. अशा वेळीं "त्यांची इच्छा नाहीं" असें म्हणून हात झटकणें म्हणजे त्यांच्या भिडस्तपणावर आपली बचत करणें होय. त्यांच्या मताला मान देण्याच्या नांवाखालीं कित्येक घरांत हेंच होत असावें अशी मला भीति वाटते. मुलगा डोळे पुसतो, आणि त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यांत हायसें वाटलेलें असतें. तें हायसें वाटणें हा गुन्हा नव्हे. पण तें ओळखल्याशिवाय बापाच्या नकाराला मान देण्याचा अधिकार मुलाला येत नाहीं.

मग करावें काय? प्रथम, जें कारण आपल्या हातचें आहे तें आपण दूर करावें. मुलानें बापापुढें खरा हिशेब ठेवावा: इतके पैसे आहेत, इतके उभे करतां येतील, सरकारी योजनेंतून किंवा महानगरपालिकेच्या सोयींतून कांहीं मिळतें काय तें पाहून येतों, तुम्हांला नेण्या-आणण्याची व्यवस्था अशी करतां येईल. आणि मग पुन्हां एकदां विचारावें. खर्चाचें ओझें उतरल्यावर "हो" आलें, तर पहिला नकार त्यांचा नव्हता, तो आपल्या ओढगस्तीचा होता. ओझें उतरल्यावरहि "नको"च आलें, तर तें त्यांचें.

आणि ओझें उतरविणें शक्यच नसेल तर? पुष्कळ घरांत तें शक्य नसतें, हें कबूल केलें पाहिजे. तरीहि असें पाहा: ज्या मनुष्यानें तीस वर्षें स्वतःला दोन सदऱ्यांवर ठेवून मुलांना शिकविलें, त्यानें शेवटच्या आजारांतहि नातीची फी औषधापेक्षां मोठी मानली, तर त्याची बुद्धि भ्रष्ट झाली असें म्हणावयाचें काय? तो आयुष्यभर ज्या रीतीनें निवड करीत आला त्याच रीतीनें आतांहि करीत आहे. माया म्हणजे समजेचा अभाव नव्हे. फक्त ही निवड त्यानें उघड्या डोळ्यांनीं केली पाहिजे, आणि घेणाऱ्यांनींहि ती उघड्या डोळ्यांनीं घेतली पाहिजे. "त्यांनाच नको होतें" असें लोकांत सांगत फिरूं नये.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों, कारण ती पुष्कळांना वाटते तितकी संदिग्ध नाहीं. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें दिल्लीचें एक प्रकरण आलें. प्रौढ बाई तपासणीसाठीं गुंगीखालीं असतां तिच्या आईची संमति घेऊन डॉक्टरनें तिचें गर्भाशय काढलें होतें. न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, जाणत्या प्रौढ व्यक्तीच्या वतीनें तिची आईसुद्धां संमति देऊं शकत नाहीं; आणि तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग नसतां, पुढें केव्हांतरी करावेंच लागलें असतें ही सबब चालत नाहीं. आईबापांच्या पोषणाचा २००७ चा कायदा मुलांवर औषधोपचाराचीहि जबाबदारी टाकतो. परंतु मुलांनीं औषध पुरविलेंच पाहिजे याचा अर्थ बापानें तें घेतलेंच पाहिजे असा होत नाहीं. मात्र "करूं नका" ह्या अधिकाराची "अमुक करा" ह्या मागणीशीं गल्लत करूं नये. त्याच २००८ सालीं मीरा-भाईंदर भागांतील एका गर्भवतीनें, गर्भाच्या हृदयांत दोष आढळल्यामुळें, मुदत उलटून गेल्यावर गर्भपाताची परवानगी मागितली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयानें ती नाकारली. ती मागणी योग्य कीं अयोग्य हा निराळा वाद आहे. पुढें २०२१ सालीं कायदाच बदलला. पण तेथें दुसऱ्याच्या हातून कांहीं कृति हवी होती. अण्णा कोणाकडून कांहींच मागत नाहींत. आपल्या अंगाला हात लावूं नये एवढेंच त्यांचें म्हणणें आहे. आणि याहून लहान मागणी मनुष्य करूं शकेल असें मला वाटत नाहीं.

आतांपर्यंत मोठ्या, जीवनमरणाच्या नकाराविषयीं लिहिलें. परंतु वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांचा अनुभव विचारला तर कळेल कीं खरी झटापट लहान नकारांचीच असते. आधाराची चौकट घेऊन चालावें असें सांगितलेलें असतें, आजींना काठीच पुरे वाटते. दांत नाहींत म्हणून सर्वांना मऊ भात. एखाद्या आजोबांना भाकरी कुस्करूनच खावयाची असते. दुपारीं झोपण्याची वेळ ठरलेली, आणि कोणाला नेमकें तेव्हांच फाटकाशीं उभें राहून रस्ता पाहावयाचा असतो. व्यवस्थापक म्हणतो, पडल्या तर जबाबदार कोण? त्याची अडचण खोटी नाहीं. आजी पडल्या तर नातेवाईक त्यालाच धरणार. पण ह्या भीतीपोटीं आपण अशीं घरें उभीं करतों कीं जेथें कोणी पडत नाहीं, कारण कोणी उठतच नाहीं. ज्या आजींनीं स्वयंपाकघर, सासुरवास, चार बाळंतपणें आणि नवऱ्याचें आजारपण निभावून नेलें, त्यांना काठी कीं चौकट एवढेंहि ठरवितां येऊं नये, आणि त्यालाच आपण त्यांची काळजी घेणें म्हणावें, हें चमत्कारिक आहे. पडण्याचा धोका त्यांना समजावून सांगावा, जिन्याला कठडा लावावा, फरशी कोरडी ठेवावी, आणि मग काठी त्यांच्या हातांत द्यावी.

ज्याला बोलतां येतें त्याचें "नको" ऐकूं येतें. ज्याची वाचाच गेली त्याचें काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरांत त्याच रुग्णालयांत अत्याचार झाला, आणि त्यानंतर १८ मे १९१५ नव्हे, तर थेट १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या तेथें शुद्ध हरपलेल्या स्थितींत पडून होत्या. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें अन्न थांबविण्याची विनंती नाकारली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचाहि तिला विरोध होता. त्या परिचारिकांच्या सेवेपुढें कोणाचेंहि मस्तक नम्र होईल. पण ह्या साऱ्या वादांत एक आवाज नव्हता, आणि तो मिळणेंहि शक्य नव्हतें. ती उणीव भरून काढण्याची वाट पुढें ९ मार्च २०१८ च्या निकालानें मोकळी झाली: जाणत्या प्रौढ मनुष्यानें शुद्धीवर असतांना लिहून ठेवावें कीं, बरें होण्याची आशा सरल्यावर नुसत्या यंत्रावर आपल्याला जगवूं नये. २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें त्यांतील जाचक अटी सैल केल्या. आतां नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असा कागद करतां येतो, आणि त्याची प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवतां येते. मृत्युपत्र करण्यास आपण कां कूं करतों, तेथें हा कागद किती घरांत होईल कोण जाणे. पण कागद झाला नाहीं तरी निदान त्या निमित्तानें घरांत बोलणें व्हावें.

ह्या अधिकाराला मर्यादा नाहीं असें मात्र नव्हे. ज्याचा रोग दुसऱ्याला लागतो त्याचें "नको" केवळ त्याच्यापुरतें राहत नाहीं. परंतु तेथेंहि हात कसा चालवावा याचा धडा पुण्यानें १८९७ सालीं सोशिकपणें गिरविला आहे. प्लेग खराच होता, रोग्यांना वेगळें ठेवणेंहि अवश्य होतें. पण सोजिरांनीं घरांत शिरून केलेल्या त्या झडत्यांची आठवण लोकांच्या मनांत प्लेगाहून अधिक काळ टिकली. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लशीविषयीं असाच निवाडा दिला: सार्वजनिक आरोग्यासाठीं वाजवी निर्बंध घालतां येतील, पण कोणाला बळजबरीनें लस टोंचतां येणार नाहीं. दुसरी मर्यादा निराशेची. उदासीनतेच्या रोगानें ग्रासलेला तरुण जेव्हां "मला कांहींच नको" म्हणतो तेव्हां तो रोग बोलत असतो, आणि तेथें त्याला आवरून धरणें हेंच त्याच्यावर प्रेम करणें होय. परंतु ही पळवाट करून प्रत्येक म्हाताऱ्याच्या नकाराला निराशा म्हणूं नये. १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनार येथें ८७ वर्षांच्या विनोबांनीं हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध सोडलें, आणि १५ तारखेस देह ठेवला. भाईंदरांतल्या जैन घरांना संथाऱ्याचें व्रत परकें नाहीं. २०१५ सालीं राजस्थान उच्च न्यायालयानें त्याला आत्महत्या ठरविलें, आणि त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालाला स्थगिति दिली. संतानें नाकारलें तर आपण हात जोडतों आणि घरच्या म्हाताऱ्यानें नाकारलें तर नळी घालतों, ह्या भेदाचें समर्थन मला आजवर कोणी करून दाखविलें नाहीं.

एक शेवटची बाब राहिली. डर्बनच्या डॉक्टरानें दोनच वाटा ठेवल्या होत्या: माझें ऐका, नाहींतर जा. आजच्या रुग्णालयांतहि सल्ल्याविरुद्ध घरीं नेत असल्याबद्दल सही करण्याचा एक कागद असतो. तो कायद्याच्या दृष्टीनें अवश्य असेल. पण सही झाल्याबरोबर डॉक्टराचा चेहरा बदलतो आणि परिचारिका सुई काढून घेते, तेव्हां रुग्णाला कळतें कीं एक उपचार नाकारला तर सारीच माणसें आपल्याला सोडून जातात. अण्णांनीं डायलिसिस नाकारलें. त्यांनीं धाप कमी करण्याचें औषध नाकारलें नाहीं, खाज शमविणारें मलम नाकारलें नाहीं, उशाशीं कोणी बसावें हें तर मुळींच नाकारलें नाहीं. १९४४ च्या आरंभीं पुण्यास आगाखान महालांत कस्तुरबा शेवटच्या दुखण्यांत होत्या. त्यांना वैद्याचें औषध हवें होतें. सरकारनें बराच काळ घोळ घालून वैद्य शिवशर्मा यांना येऊं दिलें, पण रात्रीं महालांत राहण्याची मनाई केली. तेव्हां हांक आली तर जवळ असावें म्हणून ते फाटकाबाहेर आपल्या मोटारींत झोपत. पुढें त्या औषधानेंहि गुण आला नाहीं. मुलानें पेनिसिलिन मिळविलें, आणि तें टोंचून घ्यावें कीं नाहीं यावर पितापुत्रांत मतभेद झाला. त्या वादांत कस्तुरबांचा स्वतःचा शब्द आपल्याला ऐकूं येत नाहीं. २२ फेब्रुवारीस त्या गेल्या.

आणि ज्यांच्याजवळ माणसें उरतात त्यांनाच आपला नकार परतहि घेतां येतो. अण्णा दहाव्या दिवशीं म्हणतील, "नातीची परीक्षा होईपर्यंत एकदां करून पाहूं या तें तुमचें डायलिसिस." कदाचित् म्हणणार नाहींत. म्हणालेच, तर मुलानें "तेव्हांच ऐकलें असतें तर" हें वाक्य गिळून टाकावें, आणि रिक्षा बोलवावी. आणि परीक्षा झाल्यावर ते पुन्हां "आतां पुरे" म्हणाले, तर पुन्हां खाटेजवळ खुर्ची ओढून बसावें.